आशाताईला जोडीदारीण हवी

सप्रेम नमस्कार.

आम्ही नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यातली, नर्मदाकाठच्या पाड्यांवरची माणसं. दारात उभं राहिलं की समोर मध्य प्रदेश दिसतो, मधे सरदार सरोवराचं पाणी. लेकी पलीकडे दिलेल्या, सुना पलीकडून आणलेल्या. दिवाळी झाली की कितीतरी घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात. मग पोटुशी बाई कुठल्याच राज्याच्या वहीत सापडत नाही. तिचा माग असतो तो आमच्या आशाताईकडे, म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्तीकडे.

बाळ दवाखान्यात जन्मलं तर ताईने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी जायचं. घरी जन्मलं तर पहिल्या दिवशीही. वजन, ताप, अंगावर नीट पितं का, सगळं बघायचं. या सगळ्या फेऱ्यांचे मिळून २५० रुपये. इथे शेजारच्या पाड्यावर जायचं म्हणजे एक डोंगर उतरून दुसरा चढायचा. बाई अडली तर आधी झोळी, मग बोट, मग गाडी. फोनचा रिचार्ज ताईच्याच पदरचा, बोटीच्या डिझेललाही कितीदा तीच पैसे घालते.

गेल्या साली आमच्या एका ताईने काम सोडलं आणि नवऱ्याबरोबर कोयता धरला. “तिथं निदान खर्ची तरी वेळेवर मिळते,” म्हणाली. तिला काय बोलणार? पण आमच्या पावरी बोलीत बोलणारी, घराघरात ओळखीची बाई गेली, की नवीला पहिल्यापासून शिकवावं लागतं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावच्याच बायकांना शिकवून नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी करून दाखवले, १९९९ साली ते ‘लॅन्सेट’ या डॉक्टरी नियतकालिकात छापूनही आलं. बायकांना हे जमतं. आमचं अडतंय ते त्या टिकण्यापाशी.

म्हणून ग्राम आरोग्य समितीने ठरवलंय, की प्रत्येक ताईसोबत पाड्यावरचीच एक शिकलेली सून किंवा मुलगी दोन वर्षं फिरेल. ताई आजारी पडली, थकली, गेली, तरी काम चालू राहील. या जोडीदारणीला महिना १,५०० रुपये द्यायचे आहेत. एका मुलीचं वर्षभराचं मानधन म्हणजे १८,००० रुपये. कुणी एक महिना उचलला तरी चालेल. बोटीच्या डिझेलसाठी वेगळी पेटी ठेवली आहे. वस्तू द्यायच्या तर झोळीचा वजनकाटा, थर्मामीटर, डोक्याला बांधायची बॅटरी, रेनकोट द्या. जुने कपडे मात्र नकोत. मागचे अजून शाळेच्या खोलीत पडून आहेत.

पैसे समितीच्या बँक खात्यावरच, चेकने द्यावेत. पावती मिळेल, हिशेब ग्रामसभेत वाचला जाईल.

नाशिक-धुळ्याच्या परिचारिका भगिनींनो, पावसाळा सरल्यावर दोन दिवस शिकवायला या. भाकरी आमच्याकडे.

आणि सुरत-बारडोलीकडच्या मराठी मंडळींना एक बिनपैशाची विनंती. उसाच्या फडाजवळ कुणी पोटुशी बाई माता-बाल कार्ड दाखवेल, तर तिला जवळच्या आरोग्य केंद्रात पोचवा आणि कार्डावर आमच्या ताईचा नंबर लिहिलेला असेल, त्यावर एक फोन करा.