काकू, परत ठेवलेल्या पेढ्याबद्दल आभार

प्रिय काकू,
सा. न.

समोर आभार मानले की तुम्ही "पुरे गं, चहा टाक" म्हणता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. आता काय म्हणाल?

डिसेंबरात नर्सिंगच्या प्रवेशासाठी लागणाऱ्या ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी एकचा (शरीराची रचना आणि काम, भाग पहिला) निकाल लागला तेव्हा घरात आनंदीआनंद होता. सांगलीची बी.कॉम. झालेली बाई, बारा वर्षांनी पुस्तक उघडते काय, अमेरिकेत एडिसनला येऊन कम्युनिटी कॉलेजात पास होते काय! ह्यांनी ओक ट्री रोडवरून पेढे आणले. तुम्ही पेढा उचललात, "ग्रेड काय?" विचारलंत. मी म्हटलं, "सी." पेढा परत डब्यात गेला.

राग आला होता, खोटं कशाला बोलू. नर्सिंगच्या माहितीपत्रकात किमान 'सी' हवा असंच छापलं होतं की! तुम्ही विजेच्या बिलाच्या पाठीवर हिशोब मांडलात. विषय चार क्रेडिटचा. 'ए'ला चार गुण, 'बी'ला तीन, 'सी'ला दोन. पुढचा भाग आणि मायक्रोबायोलॉजी, दोन्हींत 'ए' आणला तरी 12 क्रेडिटांचे 40 गुण, म्हणजे सरासरी 3.33. "सी म्हणजे अर्ज टाकायची परवानगी. जागा वरून खाली भरत येतात." (काही कॉलेजं चक्क सोडत काढतात म्हणे. आमचं नाही.)

त्याहून मोठे उपकार म्हणजे तुम्ही मला घाईने पुन्हा नाव घालू दिलं नाहीत. आधी विचारून ये म्हणालात: दुसऱ्यांदा मिळालेला ग्रेड पहिल्याच्या जागी धरतात की दोन्हींची सरासरी काढतात? आणि किती वेळा बसू देतात? आमच्या कॉलेजात नवा ग्रेड धरणार होते, पण संधी एकच. दुसरं कॉलेज सरासरी काढत होतं, ते मी यादीतूनच खोडलं. हे न विचारता फी भरली असती तर?

मग तुमचं स्वयंपाकघर. लॅबच्या परीक्षेत हाडावर चिठ्ठी, हातात एक मिनिट, आणि स्पेलिंग चुकलं की मार्क गेला. माझे कोरॅकॉइड आणि कोरोनॉइड हे हाडांवरचे दोन उंचवटे कायम उलटेपालटे. तुम्ही पोळी लाटता लाटता पिठाचं बोट माझ्या खांद्यापुढे खुपसून "हे कोरॅकॉइड" आणि कोपरापाशी दाबून "हे कोरोनॉइड, अल्नाचं" (म्हणजे कोपराखालच्या हाडाचं) म्हणायचात. काळ्या कुर्त्यावर दोन पांढरे ठिपके. परीक्षेत मी हाड पाहिलंच नाही, ते ठिपके आठवले. मिरजेत शिकून चाळीस वर्षं होऊन गेली, तरी तुमचं एक स्पेलिंग चुकत नाही, ह्याचा मला थोडा रागच येतो. पुढच्या सत्रात खाटकाकडून बकऱ्याचा गुर्दा आणून उभा चिरलात, तेव्हा ह्यांनी तीन दिवस तुमच्याकडे जेवायला नकार दिला.

'ए' काही आला नाही. 'बी' आला. पण पुढच्या दोन्हींत 'ए', म्हणून 44 गुण, 3.67. नर्सिंगची टीज (TEAS) प्रवेशपरीक्षाही बरी गेली. परवा कॉलेजचं पत्र आलं, ऑगस्टपासून वर्ग.

'बी'च्या वेळी तुम्ही अर्धाच पेढा खाल्लात, माझ्या लक्षात आहे. उरलेला अर्धा आणि तुमची ती गुर्द्याची सुरी घेऊन रविवारी येते.

तुमची,
खालच्या मजल्यावरची