स्वभाव ठाऊक होता, मग पश्चात्ताप कसला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘हेकेखोर स्ट्रायकर घेऊन क्लब पस्तावला’ या धर्तीचे लेख दर हंगामात वाचायला मिळतात आणि सगळे खापर खेळाडूवर फुटते. आपल्या क्रीडा पानावर इंग्लंडचा फुटबॉल क्लब लिव्हरपूल आणि त्याने घेतलेला इटालियन स्ट्रायकर (गोल करणारा आघाडीचा खेळाडू) मारिओ बालोटेली यांची कहाणी त्याच सुरात आली, म्हणून हे पत्र.

२०१३-१४ मध्ये लिव्हरपूलने इंग्लिश प्रीमियर लीगमध्ये १०१ गोल केले. त्यातले ३१ एकट्या स्ट्रायकर लुईस सुआरेझचे. तो बार्सिलोनाला गेला आणि त्याची जागा रिकामी झाली. बालोटेली येणार नाही, असे प्रशिक्षक ब्रेंडन रॉजर्स ऑगस्ट २०१४ मध्ये ठणकावून सांगत होते आणि त्याच महिन्यात १ कोटी ६० लाख पौंड मोजून तो आलाच! बरे, त्याचे प्रताप काही गुपित नव्हते. मँचेस्टर सिटी क्लबात असताना बाथरूममधल्या फटाक्यांनी त्याच्या घराला लागलेली आग जगभरच्या पेपरांत गाजली होती.

माझ्या मते घोडे पेंड खाल्ले ते वेगळ्याच ठिकाणी. सुआरेझ बचावपटूंच्या अंगावर धावून जाऊन चेंडू हिसकावायचा. बालोटेलीला चेंडू पायात हवा. जोडीदार स्टरिज बहुतेक हंगाम जायबंदी, त्यामुळे पुढे हा एकटाच. १६ लीग सामन्यांत एक गोल. रेआल माद्रिदविरुद्ध सामना संपायची वाट न पाहता मध्यंतरालाच त्याने त्यांच्या पेपेशी जर्सी बदलली, तर केवढा गहजब! त्याआधीच लिव्हरपूलने तीन गोल खाल्ले होते, ते कुणाला आठवत नाही. पुढे हाच बालोटेली फ्रान्सच्या नीस क्लबकडून लागोपाठच्या दोन हंगामांत तिथल्या लीगमध्ये १५ आणि १८ गोल करून गेला.

आपल्या मिरज-सांगलीकडे तरी काय वेगळे? स्पर्धा तोंडावर आली की बाहेरचा ‘नावाचा’ स्ट्रायकर आणायचा. एका संघाचा असा पाहुणा मी पाहिला. संघ वॉर्मअप करतोय आणि हा टचलाइनवर बसून फोनवर. सामन्यात पास आला नाही की हात पसरून जागेवरच उभा. वर्षभर सकाळी सहाला सरावाला येणारा आमच्या गल्लीतला पोरगा तेव्हा बाकावर बसून त्याची पाण्याची बाटली सांभाळत होता. हरल्यावर व्यवस्थापक म्हणाले, “माणूसच तऱ्हेवाईक निघाला.” अहो, मग त्याला बोलावताना चार ठिकाणी चौकशी करायला कोणी अडवले होते?

एक विनंती. पुढच्या स्पर्धेच्या वेळी आपल्या प्रतिनिधीने पाहुण्या खेळाडूचा फोटो जरूर छापावा, पण संघचालकांना दोन प्रश्नही विचारावेत: हा सरावाला किती दिवस आला आणि याच्यासाठी कोणाला बसवले? उत्तरे फोटोखाली छापली तरी पुरे.

कळावे,
आपला,
एक फुटबॉलप्रेमी वाचक, मिरज (जि. सांगली)