दिल्लीने टाकलेली गाडी, मुंबईत अडकलेली मी: परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: परराज्यातून येणाऱ्या जुन्या मोटारींचा धंदा आणि त्यात भरडले जाणारे गिऱ्हाईक

महोदय,

सप्रेम नमस्कार. गौरी-गणपतीचा सण आपल्याकडे आनंदात पार पडला असेल, अशी आशा करते. आमच्याकडे कसा पार पडला, ते सांगण्यासाठी हे पत्र. आपण कामात असता याची कल्पना आहे, पण जे घडलं ते आपल्याच खात्यात घडलं, म्हणून तक्रार दुसऱ्या कुणाकडे नेणार?

31 ऑगस्ट 2025 ला गौरी आवाहन. आदल्या दिवशी पहाटे भांडुपहून संगमेश्वरला निघालो. गाडीत सासूबाई, वय 79. गौरीचे पितळी मुखवटे त्यांनी जुन्या शालूत गुंडाळून मांडीवर धरलेले, कारण डिकीत ठेवलेले त्यांना चालत नाहीत. खारपाड्याचा पूल ओलांडून पुढे गेलो आणि आपल्या खात्याच्या फिरत्या पथकाने हात दाखवला. "गाडी डीएल, म्हणजे दिल्ली नंबरची आहे. बारा महिने होऊन गेले. इथला टॅक्स भरल्याची पावती?" पावती नव्हती. गाडी बाजूला घेतली, कागदावर कलमं लिहिली, किल्ली काढून घेतली.

काचेवर आपल्याच सरकारने दिलेला गणेशोत्सवाचा टोलमाफीचा पास चिकटवलेला होता. त्यावर हाच डीएल नंबर, शिक्क्यासकट. मी तो दाखवला. साहेब म्हणाले, "तो पास टोलचा आहे, मॅडम." म्हणजे टोल माफ करताना जो नंबर सरकारला चालतो, तोच नंबर पुढच्या वळणावर बेकायदा होतो. पुढचा प्रवास आपल्याच एसटीने केला. माझं तिकीट अर्धं लागलं, सासूबाईंचं लागलंच नाही. त्याबद्दल आभार मानायला हवेत, मानते. पण साडेतीन तास उभ्याने गेलेल्या बाईचे आभार किती गोड असणार?

आता आपण म्हणाल, कायदा कायदा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 47 मला आता पाठ आहे: दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर नव्या नंबरासाठी अर्ज करायचा. मी कधी नको म्हटलं? पैसेसुद्धा भरले, फक्त ते सरकारपर्यंत पोचले नाहीत. ते ज्याच्याकडे अडकले त्याला आपल्या खात्याने आजवर हात लावलेला नाही.

2024 च्या अक्षय्य तृतीयेला कुर्ल्याच्या बाजूच्या एका डीलरकडून मी ही सात आसनी डिझेल गाडी घेतली. जून 2015 ची, दिल्ली पासिंग. माझं घरगुती केटरिंग आहे, माणसंही न्यायची असतात. एमएच नंबरची तशीच गाडी दोन-अडीच लाखांनी महाग पडत होती. डीलरने चहा पाजला आणि म्हणाला, "ताई, डॉक्टरची गाडी आहे, सिंगल ओनर. घर ते दवाखाना, बस. एनओसी माझ्याकडे, टॅक्सचे पैसे द्या, दीड महिन्यात एमएच नंबर हातात." गाडीचे 5 लाख 60 हजार आणि "टॅक्स व आरटीओच्या कामाचे" म्हणून 1 लाख 10 हजार दिले. त्यातल्या दुसऱ्या रकमेची पावती एका साध्या लेटरहेडवर मिळाली. त्या पावतीला कोपऱ्यात गणपतीचं चित्र आहे.

डॉक्टरांची गोष्टही सांगते. मीटरवर 68 हजार किलोमीटर होते. आमच्या गॅरेजवाल्याने ड्रायव्हरचं दार उघडलं, खांबावरची धूळ अंगठ्याने पुसली आणि मला खाली वाकून बघायला सांगितलं. ऑइल बदलल्याचा जुना स्टिकर होता, अर्धवट खरवडलेला, बॉलपेनने लिहिलेला: 1,42,300. गाव गुरुग्राम. हे डॉक्टर व्हिजिटला जयपूरला जात असावेत.

मग एनओसी, म्हणजे गाडी दुसऱ्या राज्यात न्यायला मूळ आरटीओने द्यायचा ना-हरकत दाखला. दीड महिन्याचे तीन झाले, दिवाळी झाली, फोन उचलणं बंद झालं. शेवटी दुकानात बसून राहिले तेव्हा फाइल बाहेर आली. एनओसीवर आरटीओचं नाव लिहिलेलं असतं, ते होतं पश्चिम उपनगरातलं. मी राहते भांडुपला. पूर्वेच्या बाईच्या गाडीला पश्चिमेचं एनओसी! डीलरकडे म्हणे दिल्लीच्या गाड्यांचा लॉट आला होता आणि सगळ्यांचे कागद एकाच पत्त्यावर काढले होते. आमच्या भागातल्या कार्यालयाने खिडकीतूनच सांगितलं, दिल्लीहून दुरुस्त करून आणा. तोपर्यंत जून 2025 उजाडला, गाडीला दहा वर्षं भरली आणि दिल्लीच्या दृष्टीने ती मेली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल 2015 मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी केली, ऑक्टोबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. 1 जुलै 2025 पासून तर अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही असं ठरलं. लोक ओरडले आणि काही दिवसांत ते गुंडाळलं. 12 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तूर्त केवळ वयावरून मालकांवर सक्तीची कारवाई करू नका. म्हणजे ज्या गाडीला दिल्लीने वयात आल्याबरोबर हाकललं, तिला तेव्हा दिल्लीत केवळ वयावरून कुणी अडवणार नव्हतं. अडवलं ते इथे, खारपाड्याला.

माझा भाचा मोम्बासाला नोकरी करतो. त्याला मी हे सगळं फोनवर सांगितलं तर तो हसायला लागला. केनियात रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या जपानहून आलेल्या, जुन्याच. पण आठ वर्षांहून जुनी गाडी तिथे बंदरात उतरू देत नाहीत आणि जहाजावर चढण्याआधी जपानमध्येच तिची तपासणी होऊन दाखला लागतो. म्हणजे मी घेतली तेव्हा नऊ वर्षांची होत आलेली माझी गाडी केनियानेसुद्धा नाकारली असती, मंत्री महोदय. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2020 साली अहवाल काढला होता: 2015 ते 2018 या काळात युरोप, अमेरिका आणि जपानमधून 1 कोटी 40 लाख जुन्या छोट्या गाड्या बाहेर गेल्या, त्यातल्या 80 टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत. श्रीमंतांनी नियम कडक करायचे आणि नियमात न बसणारं गरिबांच्या दारात लोटायचं. त्यावर जगभर परिषदा होतात. आपल्याच देशात दिल्ली जपान झाली आहे आणि आम्ही मोम्बासा, त्यावर कोण परिषद घेणार?

गंमत म्हणजे परदेशी जुन्या गाड्यांच्या बाबतीत आपला देश फार शहाणा आहे. व्यापारासाठी आणायची तर गाडी तीन वर्षांहून जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडे हवं, मीटर किलोमीटरमध्ये हवा, पुढची पाच वर्षं रस्त्यावर चालण्यालायक हवी, आणि उतरवायची ती फक्त मुंबई बंदरात. वर कर इतका की गाडीच्या किमतीला मागे टाकेल. ठीक आहे, देशाचं भंगारखानं होऊ नये म्हणून केलं, चांगलंच केलं. मग तेच भंगार एक्सप्रेसवेने आलं की त्याचं सोनं होतं का? त्याच मुंबईत, बंदरापासून अर्ध्या तासावर, दहा वर्षांला टेकलेली डिझेल गाडी पॉलिश मारून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारता येते. मीटर खरा की खोटा, कुणी बघत नाही. सरकारला त्या गाडीकडून हवा असतो तो फक्त टॅक्स. 10 ते 20 लाखांच्या डिझेल गाडीला 14 टक्के, वय पाहून थोडी सूट. पहिल्या मालकाने दिल्लीत एकदाच म्हणून भरला, मी इथे पुन्हा भरायचा आणि दिल्लीतल्या उरलेल्या पैशांचा परतावा त्याने दिल्लीत मागत फिरायचं. एक देश एक कर, एक देश एक रेशन कार्ड झालं. गाडी मात्र वापीचा नाका ओलांडला की परदेशी.

आणि डीलरला बांधणारा कायदा नाही असंही नाही. मी केटरिंगवाली, तरी शोधून वाचला. केंद्राने डिसेंबर 2022 मध्ये नियम बदलले, 1 एप्रिल 2023 पासून लागू. जुन्या गाड्या विकणाऱ्याने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं. मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिली की फॉर्म 29सी भरून ऑनलाइन कळवायचं. तिथून पुढे विकेपर्यंत डीलरच मालक समजला जाणार, एनओसीचा अर्जही त्यानेच करायचा, गाडी कुठे कुठे फिरवली याची नोंदही त्याने ठेवायची. किती छान! मी त्या डीलरला विचारलं, तुमचं अधिकारपत्र दाखवा. त्याने मला गुमास्त्याचा परवाना दाखवला. भिंतीवर फ्रेम करून लावला होता. मग मी आपल्या कार्यालयात 29सी बद्दल विचारलं, तर टेबलापलीकडचे गृहस्थ म्हणाले, "ते नवीन आहे, अजून इकडे कुणी भरत नाही." कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत पुलाखाली, पेट्रोल पंपाच्या मागे, सोसायटीच्या गेटसमोर हजारोंनी गाड्या विकायला उभ्या आहेत. फिरत्या पथकाला त्या दिसत नाहीत, कारण त्या उभ्या आहेत. पथक फक्त चालत्या गाडीला हात दाखवतं.

पोलीस ठाण्यातही गेले. दिवाणी बाब आहे, ग्राहक आयोगात जा म्हणाले. ग्राहक आयोगासाठी वकील, वकिलासाठी पैसे, आणि पैसे त्या डीलरकडे. या काळात नवऱ्याची नोकरी गेली, गाडी दारात उभी ठेवून मी ऑर्डरी टेम्पोने पाठवल्या, नफा टेम्पोवाल्याला. रात्री झोप लागत नाही म्हणून डॉक्टरांकडे गेले. खऱ्या डॉक्टरांकडे.

आधारवर घरबसल्या 58 सेवा देणार, अशी अधिसूचना 2022 ची. घरबसल्या काय होतं ते सांगते: पैसे भरता येतात. बाकी सगळ्याला गाडी घेऊन मैदानात. माझ्या ओळखीतल्या एकाची दिल्लीची गाडी इथे पास झाली, तेव्हा मी सोबत गेले होते, बघायला की हे होतं तरी कसं. देश चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरला. आणि आपल्या मैदानात एक पोरगा बॉनेटखाली आडवा होऊन चासी नंबरावर चिकटपट्टी लावून त्यावर पेन्सिल घासत होता, मग ती पट्टी सोलून फॉर्मवर चिकटवत होता. ठसा पुसट आला म्हणून परत. त्या पोराचे शंभर रुपये वेगळे. वाहन पोर्टलवर तोच नंबर दिल्लीपासून गल्लीपर्यंत सगळ्यांना दिसतो, तरी पेन्सिल हवीच.

जानेवारी 2025 मध्ये सरकारने एक समिती नेमली, मुंबई महानगरात पेट्रोल-डिझेल गाड्या बंद करून फक्त सीएनजी आणि विजेच्या ठेवता येतील का, हे बघायला. अवश्य बघा. पण उद्या मुंबई दिल्लीसारखी वागली तर आमची पन्नास लाखांच्या घरातली वाहनं कुठे ढकलणार? जळगावला? गडचिरोलीला? तिथल्या लोकांना फुप्फुसं नसतात काय? पार्किंग दाखवल्याशिवाय गाडी नोंदवणार नाही, अशीही घोषणा झाली. नव्या सुरक्षा नंबरप्लेटा बसवण्याची मुदत किती वेळा वाढली, ते आता आमच्या वॉचमनलाही आठवत नाही. 2011 पासून सुरू असलेला मुंबई-गोवा महामार्ग पुरा होत नाही, त्यावर कुणाची किल्ली काढून घेतल्याचं ऐकलं नाही. घोषणा करणाऱ्याला दंड नसतो, डीलरला दंड नसतो, खड्ड्याला दंड नसतो. शेवटच्या खरेदीदाराला मात्र असतो, कारण त्याचा पत्ता सरकारकडे असतो.

तरी मागते, कारण न मागून कुठे जाणार? मुंबईत अधिकारपत्र असलेले जुन्या गाड्यांचे डीलर किती आणि कोण, ती यादी संकेतस्थळावर मराठीत टाका. ज्याचं नाव नाही त्याचं दुकान बंद करा. एनओसीवर महाराष्ट्र लिहिलेलं असलं की राज्यातल्या कुठल्याही कार्यालयाने ते घ्यावं, पूर्व-पश्चिम करू नये. डीलरला दिलेल्या टॅक्सच्या पैशांची पावती ज्याच्याकडे आहे, त्याची गाडी अडवण्याऐवजी त्या डीलरला नोटीस काढा. पावतीची प्रत सोबत जोडली आहे, गणपतीच्या चित्रासकट. दंडाची प्रत, एनओसीची प्रत आणि त्या स्टिकरचा फोटोही आहे.

गाडी अजून तिकडच्याच आवारात उभी आहे आणि दिवसाचं भाडं चढतंय. नवरात्रातल्या ऑर्डरी घेतल्या आहेत. त्याआधी उत्तर आलं तर बरं होईल. 'आपला अर्ज संबंधित विभागाकडे पाठवला आहे' हे उत्तर माझ्याकडे आधीच आहे. दुसरं काही असेल तर पाठवा.

आपली,
भांडुपची एक करदाती