बाबा, वाण काढायला इतकी वर्षं का लागतात

परभणी

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत, "मालदांडी ज्वारीची भाकरी चांगली, दुसरा वाण खोडमाशीला दाद देत नाही, मग दोघांचा संकर केला की झालं. वर्षं कशाला लागतात?" हे फोनवर सांगून होण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते आहे. आईला तुम्हीच वाचून दाखवा, ऑपरेशन झालेल्या डोळ्याला ताण नको.

ज्वारीत गुणसूत्रांच्या, म्हणजे आनुवंशिक गुण वाहून नेणाऱ्या धाग्यांच्या, १० जोड्या असतात. प्रत्येक जोडीत एक मादीकडून आलेलं, एक नराकडून. परागकण किंवा बीजांड तयार होताना ही दोघं एकमेकांना चिकटतात आणि मोजक्या ठिकाणी तुकड्यांची अदलाबदल करतात. यालाच क्रॉसओव्हर म्हणतात. बहुतेक पिकांत एका जोडीमागे असे एक ते तीनच होतात. एक तरी व्हावाच लागतो, नाहीतर जोडी नीट सुटत नाही आणि पुढच्या पिढीत गुणसूत्रं कमीजास्त जातात.

आई, माणसातही हेच चालतं. आईकडून येणाऱ्या गुणसूत्रांत अशा अदलाबदली सरासरी ४० च्या वर असतात, वडिलांकडून येणाऱ्यांत साधारण २६. म्हणजे तुझे आई-वडील माझ्यात जास्त बारीक मिसळलेत. मला हे वाचलं तेव्हा फार बरं वाटलं होतं.

एका क्रॉसओव्हरच्या जवळ दुसरा सहसा होत नाही. फळमाशीवर काम करणाऱ्या स्टर्टेव्हंट आणि मुलर यांनी हे १९१५-१६ च्या सुमारास ओळखलं, पण ते का, हे कळायला शंभर वर्षं गेली. २०२१ मध्ये अराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपावरच्या कामातून एक चांगलं उत्तर पुढं आलं. एचईआय१० नावाचं प्रथिन जोडीच्या लांबीभर ठिपक्याठिपक्यांनी बसतं. मोठे ठिपके शेजारच्या लहानांतलं प्रथिन ओढून घेतात, लहान विरून जातात, आणि शेवटी दूर दूर थोडेच उरतात. तिथंच क्रॉसओव्हर होतो. तुम्ही विरळणीत जोमदार रोप ठेवून शेजारची काढता ना, तसंच. फक्त इथं काढणारं कुणी नसतं.

आमची खरी अडचण मात्र वेगळी आहे. ज्वारीचा सगळा जनुकसंच २००९ मध्ये वाचून झाला. त्यात अर्ध्याहून जास्त लांबी गुणसूत्रांच्या मधल्या, घट्ट गुंडाळलेल्या भागाची आहे, आणि तिथं क्रॉसओव्हर जवळजवळ होतच नाहीत. होतात ते टोकांकडं. आता समजा, खोडमाशीला न जुमानणारा गुण त्या मधल्या भागात असला आणि बारीक दाण्याचा गुण त्याला लागून असला, तर दोघं पिढ्यान्‌पिढ्या एकत्रच येतात. मग हजारो रोपं लावायची, पानातला डीएनए तपासायचा, दोघांच्या मधोमध क्रॉसओव्हर झालेलं एखादं रोप शोधायचं, आणि त्याचा मालदांडीशी पुन्हा पुन्हा संकर करायचा. शेतात रब्बी वर्षातून एकदाच येते, बाबा. वर्षं जातात ती इथं.

क्रॉसओव्हरला आवर घालणारी जनुकं बंद केली की त्यांची संख्या वाढते, हेही आता माहीत आहे. पण वाढ होते ती मुख्यतः टोकांकडंच, मधला भाग तसाच राहतो. याला उत्तर मिळावं म्हणून मी मनापासून झटते आहे.

तुमची एक मदत हवी. आपल्या रानात खोडमाशीनं पोंगेमर झालेल्या, म्हणजे मधला पोंगा वाळलेल्या, पट्ट्यात एखादं ताट धडधाकट दिसलं तर त्याला चिंधी बांधून ठेवा. गडी कापणार नाही एवढं पाहा. गुण मालदांडीतच सापडला तर परका बारीक दाणा सोबत येण्याचा प्रश्नच उरत नाही. येळवशीला येईन तेव्हा दाखवा. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळवा, येताना आणते.

तुमची लेक