म्हापशाच्या बाजारातल्या काकींना

काकी, सादर नमस्कार.

तुम्ही शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात रोपं घेऊन बसता. तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहिते आहे. घरातलं कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवील.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर मी तुमच्याकडे ट्यूलिपचे कांदे मागायला आले होते. त्याच्या आदल्या वर्षी ऑनलाइन मागवलेले दहा कांदे मी दिवाळीनंतर कुंड्यांत लावले होते. आई श्रीनगरची ट्यूलिपची बाग पाहून आली होती आणि आपल्या अंगणात निदान एक तरी फूल फुलावं असं तिला फार वाटत होतं. पानं चार बोटं वर आली, कळ्या आतल्या आत करपल्या आणि कांदे मऊ पडून कुजले. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं.

तुम्ही मला दुसरं काहीही विकू शकला असता. त्याऐवजी गिऱ्हाईक बाजूला ठेवून म्हणालात, "बाय, ती बर्फातली फुलं. त्यांना थंडी लागते, ती आपण कुठून आणणार?" घरी येऊन वाचलं, तर अगदी तसंच. ट्यूलिपच्या कांद्यात फूल आधीच तयार असतं, पण दांडा वर यायला बारा ते सोळा आठवडे 9 अंशांखालची थंडी लागते. काश्मीरमध्ये शरदात लावलेल्या कांद्यांना ती आपोआप मिळते. पणजीत जानेवारीतल्या पहाटेही पारा 20 च्या आसपास असतो.

मग तुम्ही लाल लिलीचे पाच कांदे दिलेत, ज्यांना नर्सरीवाले अमरिलिस म्हणतात. वर हेही सांगितलंत की यांना थंडी नको, तहान हवी. कुंडीच्या तळाशी फुटक्या कौलांचे तुकडे, लाल मातीत निम्मी वाळू आणि शेणखत, कांद्याची मान मातीच्या वर. दिवाळीत लावून ओसरीत ठेव आणि संक्रांतीपर्यंत पाण्याचा थेंब नको. एवढे आठवडे झाडाला पाणी न घालणं मला फार जड गेलं. आई रोज विचारायची, "मेले काय गं ते?"

संक्रांतीनंतर पाणी दिलं. फेब्रुवारीत एका कांद्याच्या कुशीतून पान नाही, थेट कळीचा दांडा वर आला. शिगम्याचे ढोल वाजत होते त्या आठवड्यात एका दांड्यावर चार फुलं होती, तळहाताएवढी. आई खुर्ची घेऊन त्यांच्यासमोर बसायची. चहाही तिथेच.

फुलं गेल्यावर पानं कापू नको, पावसाळाभर तीच कांद्याला पोसतात, हे तुमचं सांगणंही पाळलं. पावसात कुंड्या पागोळीखालून आत घेतल्या, एकही कांदा कुजला नाही. आता दसऱ्यानंतर पाणी तोडलं आहे, पानं पिवळी पडताहेत.

काकी, त्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी जो वेळ काढलात, त्याबद्दल मनापासून आभार. दोन कांद्यांना बाजूने चांगली टपोरी पिल्लं फुटली आहेत. ती सोडवून घेऊन येत्या शुक्रवारी येते. आईही येणार म्हणते आहे.

तुमची,
डिचोलीची बाय