कणी राहू दे

बोलोन्या,
रविवार

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र पोचलं. रोम, बोलोन्या, नापोली मिळून दहा दिवस, आणि तुझे प्रश्न दोन: तिथे पास्ता खायची रीत काय, आणि आपलं शाकाहारी पोट भरणार का? वहिनींनी खाली तिसरा जोडलाय, की घरचा पास्ता दर वेळी गिच्च का होतो. मी त्यांच्या प्रश्नापासून सुरू करतो. तो सुटला की निम्म्या रीतींचं कारण आपोआप कळतं.

आपल्याकडे भाताला कणी राहिली तर तो कच्चा. शीत बोटात दाबलं की पुरतं चेपलं गेलं पाहिजे. इथे पास्त्याला कणी ठेवायचीच असते, आणि तिला नाव आहे ‘आनिमा’, म्हणजे आत्मा. स्पॅगेटीचा एक धागा पाण्यातून काढ, दाताने तोड आणि तुटलेल्या टोकाकडे नीट बघ. मधोमध टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका दिसला की वेळ झाली. ठिपका मोठा असेल आणि दाताला पिठूळ लागलं तर अजून मिनिटभर थांब. दिसेनासा झाला तर उशीर झाला. ‘आल देन्ते’ म्हणतात ते हेच, दाताला लागेल असं.

प्रमाण पाठ करायला सोपं आहे: १ लिटर पाणी, १० ग्रॅम मीठ, १०० ग्रॅम कोरडा पास्ता. माणशी ८० ते १०० ग्रॅम धर, म्हणजे चौघांना चार लिटर पाणी आणि मिठाचे सात-आठ छोटे चमचे. वहिनी दचकतील, पण बरंचसं मीठ पाण्याबरोबरच जातं, आणि पास्त्याच्या पिठात मुळात मीठ नसतं. मागाहून सॉसमध्ये कितीही घातलं तरी आतला पास्ता अळणीच राहतो. पहिली दोन मिनिटं ढवळत राहायचं, धागे एकमेकांना चिकटतात ते तेव्हाच. पाण्यात तेल मुळीच नको. ते वर तरंगत राहतं, पास्ता उपसताना त्याच्या अंगाला लागतं आणि मग सॉस त्यावरून घसरतो. गार पाण्याखाली धुवायचाही नाही, हवा असलेला स्टार्चच धुऊन जातो. थंड सॅलडसाठी केला असेल तरच धुवावा.

आता खरी मेख. पाकिटावर ११ मिनिटं लिहिली असतील तर नवव्या मिनिटाला उपसायचा, आणि त्याआधी वाटीभर पाणी बाजूला काढून ठेवायचं. हे पाणी म्हणजे पास्त्याची पेज. उरलेली दोन मिनिटं पास्ता सॉसच्या पॅनमध्ये, मोठ्या आचेवर, पळीपळीने ही पेज घालत आणि सतत हलवत शिजवायचा. पेजेतला स्टार्च तेल आणि पाणी एकजीव करतो आणि सॉस धाग्याला धरून बसतो. ताटलीत खाली लाल पाणी साचलं असेल तर ही पायरी चुकली असं समज.

तो तयार झाला की पाच मिनिटांत बिघडायला लागतो, कारण गरम पास्ता सॉस पीतच राहतो. म्हणून इथल्या घरांत घरी येणारा माणूस वाटेत असला की त्याला फोनवर विचारतात, ‘बुत्तो ला पास्ता?’ म्हणजे, टाकू का पास्ता? माणसांनी पास्त्यासाठी थांबायचं, पास्ता कोणासाठी थांबत नाही.

पाकीट घेताना ‘ड्युरम व्हीट सेमोलिना’ (ड्युरम गव्हाचा रवा) लिहिलंय का ते बघ. आपला बन्सी गहू याच जातीचा, कठीण दाण्याचा. इटलीत कोरडा पास्ता ड्युरमचाच हवा, असा १९६७ पासून कायदा आहे. बाहेरून येणारा साध्या गव्हाचा पास्ता मात्र अडवता येणार नाही, असं युरोपीय न्यायालयाने १९८८ मध्ये सांगितलं. मैद्याचा पास्ता कणी धरत नाही, थेट लगदा होतो. वहिनींच्या पाकिटात नेमकं काय होतं ते एकदा वाचून बघ.

आता टेबलाकडे. पास्ता हा ‘प्रीमो’, म्हणजे पहिलं मुख्य वाढप, आणि तो ताटलीत एकटा येतो. मांस-मासे त्यानंतर ‘सेकोन्दो’ म्हणून, भाजी ‘कोन्तोर्नो’ म्हणून वेगळ्या बशीत. नुसता प्रीमो मागवून उठलास तरी कोणी काही म्हणत नाही. गार्लिक ब्रेड विसर. ब्रेड टेबलावर असतो तो शेवटी उरलेला सॉस पुसून खायला, त्याला ‘स्कार्पेत्ता’ म्हणतात. आपण पोळीच्या तुकड्याने वाटी पुसतो तसंच. घरी सगळे करतात, फार झगमगीत ठिकाणी जरा हात आखडतात.

स्पॅगेटी काट्यावर घेताना लोक ढिगाच्या मधोमध काटा खुपसतात आणि टेनिसच्या चेंडूएवढा गोळा उचलतात. तसं नाही. ताटलीच्या कडेला तीन-चार धागे वेगळे काढ, काटा सरळ उभा धर, टोकं ताटलीला टेकलेली ठेव आणि फिरव. चमच्याचा टेकू लहान मुलांना. सुरीने कापणं आणि उकळण्याआधी मोडणं दोन्ही वर्ज्य, कारण तुकडा झाला की तो काट्यावर गुंडाळला जात नाही.

यातल्या सगळ्या नियमांना सारखं वजन देऊ नकोस. कणी, पेज, गरमागरम खाणं यांमागे पिठाचा स्वभाव आहे, ते मोडले तर पदार्थच बिघडतो. जेवणानंतर कॅपुचिनो नको, मासळीच्या पास्त्यावर चीज नको, हे नुसते रिवाज. मोडलेस तर वेटर भुवया उंचावेल, इतकंच. आणि ‘आमच्या आजीपासूनचं’ म्हणून जे छातीठोकपणे सांगतात ते कित्येकदा तेवढं जुनं नसतं. कार्बोनाराच घे. आज रोमवाले ग्वान्चाले (डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस), अंडं, पेकोरिनो (मेंढीच्या दुधाचं चीज) आणि मिरी यांपलीकडे काही घालू देत नाहीत. पण १९५४ सालच्या एका इटालियन पाककृती मासिकात तीत लसूण आणि ग्रुयेर चीज आहे! बोलोन्याने तर शिजलेल्या ताल्यातेल्लेची, म्हणजे फितीसारख्या पास्त्याची, रुंदी ८ मिलिमीटर ठरवून १९७२ मध्ये सोन्याची पट्टीच वाणिज्य मंडळाकडे जमा केली. रागूची, म्हणजे खिम्याच्या सॉसची, पाककृती तिथे नोंदवली गेली १९८२ मध्ये.

त्या रागूचंच जगाने ‘स्पॅगेटी बोलोन्येझ’ केलं, आणि इथे ते नाव काढलं की लोक वैतागतात. यात निव्वळ अभिमान नाही. अंड्याची ताल्यातेल्ले चपटी आणि खरबरीत, खिम्याचा दाणा तिला चिकटतो. गोल गुळगुळीत स्पॅगेटीवरून तो निसटून तळाला जातो. अल्फ्रेदो सॉस मूळचा रोमचा: नुसतं लोणी, पार्मिज्यानो चीज आणि पेज. अमेरिकेत त्यात क्रीम आलं. क्रीम घातलं की सॉस फुटायची भीती कमी, नवशिक्यालाही जमतो, पण चव जड होते. जपानी ‘नापोरितान’ला मात्र मी नावं ठेवत नाही. युद्धानंतर योकोहामाच्या एका हॉटेलातून तो पुढे आला असं मानतात: मऊ शिजवलेली स्पॅगेटी, कांदा, ढोबळी मिरची, केचप, सगळं पॅनमध्ये परतलेलं. आल देन्तेशी त्याचं काही देणंघेणंच नाही, तो सरळ वेगळा पदार्थ आहे. सोमालियात इटालियन राजवटीपासून पास्ता रुजला, आणि तिथे तो मसालेदार सॉसबरोबर, सोबत केळं घेऊन खातात.

आपला ‘व्हाइट सॉस पास्ता’ मात्र अधांतरी लटकतो. लोणी, मैदा, दुधाचा तो सॉस इथे लझान्याच्या थरांत घालून ओव्हनमध्ये भाजतात. आपण तोच पेन्नेवर ओततो. गार होताना मैदा आळतो, पास्ता उरलेलं दूध पितो आणि दहा मिनिटांत खळ तयार! करायचाच असेल तर अर्ध्या लिटर दुधाला मैदा २० ग्रॅमच घे, सॉस पळीवरून सहज ओघळेल इतका पातळ ठेव, पास्ता दोन मिनिटं आधी उपस आणि पानं मांडल्यावरच एकत्र कर.

आता शाकाहाराचं. इथली गोम चीजमध्ये आहे. पार्मिज्यानो आणि पेकोरिनो रोमानो दोन्ही जनावराच्या जठरातल्या रेनेटने, म्हणजे दूध गोठवणाऱ्या रसाने, विरजतात, त्यामुळे तुमचं कडक असेल तर दोन्ही बाद. पेस्तो या हिरव्या सॉसमध्येही तेच असतं. दुसरं, बोलोन्याचा ताजा पास्ता अंड्याचा, साधारण १०० ग्रॅम पिठाला एक अंडं. वहिनी अंडं खात नसतील तर कोरडा, सेमोलिनाचा पास्ता मागा, पण बिनअंड्याचा आहे ना हे विचारून. निर्धास्त मागवावेत असे म्हणजे आल्यो ए ओल्यो (लसूण, तेल, मिरची), पोमोदोरो (टोमॅटोचा), आणि तिखटाची तलफ आली तर अराब्याता. वेटरला ‘सेन्त्सा फोर्माज्जो’ सांगा, म्हणजे वरून चीज पडणार नाही. पुत्तानेस्कात अँचोव्ही हा बारीक मासा असतो, आणि राजम्यासारख्या दाण्यांच्या ‘पास्ता ए फाजोली’त पुष्कळदा डुकराची चरबी. नुसतं ‘मांस नको’ म्हटलंत तर मासा येऊ शकतो, म्हणून ‘सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे’ असं दोन्ही म्हणा.

बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी दोन-तीन युरो दिसले तर भांडू नकोस, ती बसण्याची नि ब्रेडची आकारणी असते. दुपारी अडीचनंतर बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर बंद होतं आणि रात्री साडेसातच्या आत उघडत नाही. वहिनींसाठी मधल्या वेळेला पिशवीत चिवडा राहू दे.

बोलोन्याला पोचायची तारीख पक्की झाली की कळव. स्टेशनवरून निघालात की फोन करा, म्हणजे मी पास्ता टाकतो.

तुझा,
विन्या