रविवारची वाचनबैठक : ‘स्ट्रेंजर्स इन पॅरडाइज’

सभासद मंडळी, नमस्कार.

येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता नौपाड्यात, नेहमीच्याच जागी जमायचं आहे. या खेपेला टेरी मूर यांची कॉमिक मालिका घेतली आहे. निदान पहिला खंड संपवूनच या.

१९९३ ते २००७ अशी चाललेली ही मालिका मूर यांनी बहुतेक काळ स्वतःच्याच प्रकाशनातून काढली. लेखनही त्यांचं, चित्रंही त्यांचीच. १९९६ साली तिला कॉमिक्ससाठीचा मानाचा आयस्नर पुरस्कार मिळाला.

गोष्ट तिघांची : काचूचं तिच्या मैत्रिणीवर, फ्रॅन्सीनवर प्रेम, डेव्हिडचं काचूवर. त्यात काचूचा भूतकाळ मागे लागतो : डार्सी पार्करची टोळी, लिलीच्या फुलाचं गोंदण, पैसा, खून. हे सगळं धरून ठेवतंच, पण मला विचाराल तर मालिकेचा जीव चेहऱ्यांत आहे. फ्रॅन्सीनचं उतरलेलं तोंड, काचूच्या कपाळावरची आठी, सगळं निव्वळ काळ्या रेषेत. मध्येच चौकटी थांबून सरळ गद्य किंवा गाण्याच्या ओळी सुरू होतात. ती पानं कृपया गाळू नका, माणसं तिथेच जास्त कळतात.

विषय प्रौढांचा आहे, त्यामुळे शाळकरी मुलांना आणू नये. गटाची प्रत फिरते आहे, वाचून झाली की लगेच पुढच्याकडे द्या, पानं दुमडू नका. पुढचे खंड वाचलेल्यांनी शेवट फोडू नये, ही कळकळीची विनंती.

वाशी-ऐरोलीकडच्यांनी मेगाब्लॉक बघूनच निघावं.